कोनाळवाडीचं बिनविरोध

कोनाळवाडी, ता. उदगीर, जि. लातूर
९ मार्च १९८६

आदरणीय केरबामामा,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रावर तुम्ही परत जिल्हा उस्मानाबाद लिहिलंत, म्हणून ते फिरून फिरून मला पंधरवड्यानं मिळालं. नवा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली मामा, आता तरी लातूर लिहीत जा. रेल्वेच्या मालधक्क्यावर दिवसभर पत्ते वाचणाऱ्या माणसानं असं करावं का?

इकडं पाण्याची दैना आहे. गावच्या आडाला हातभर पाणी उरलंय, आणि तिथं आपल्याला दोर टाकू देत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. वस्तीला एकच आधार, शिवमूर्ती अप्पांचा मळा. त्यांची मोटर सुरू झाली की हौदावर आमच्या घागरी लागतात. अप्पांना नावं ठेवायला जागा नाही, बहात्तरच्या दुष्काळातही त्यांनी गाव जगवलं म्हणतात.

आता खरी गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. गावच्या कर्त्या माणसांनी महादेवाच्या देवळात बसून, बेलभंडारा उचलून शपथ घेतली की निवडणूक बिनविरोध करायची. कोणत्या जागेवर कोण, तेही तिथंच ठरलं. आपल्या राखीव जागेवर सटवाजीकाका. ते अप्पांकडं सालगडी, त्यामुळं मान हलवायची त्यांना सवय आहे. बायकांच्या जागेवर अप्पांची सून गुरम्मा.

त्या जागेवर मी फॉर्म भरला आहे. वस्तीत बोअर पाहिजे तर पंचायतीत आपलं तोंड उघडणारं कुणीतरी पाहिजे, एवढाच माझा विचार होता. तुमच्या जावयाला, नरसिंगला, विचारूनच भरला. तो म्हणाला, "भर, मग बघू." त्याचं सगळं 'मग बघू'च असतं.

काल अप्पांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "धुरपे, फारम वापस घे. वस्तीत बोअर मारून देतो, माझा सबुद हाय. इलेक्शन लई वंगाळ. पल्याडच्या गावात सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. आपल्याला कशाला पायजे?"

मामा, मी काय करू? बोअर तर असाही मिळतोय. लवकर लिहा, माघारीची तारीख जवळ आली आहे.

तुमची,
धुरपता


नांदेड
१४ मार्च १९८६

चि. धुरपता हिला केरबामामाचा सप्रेम जयभीम.

पत्त्यावर लातूर लिहिलं आहे, बघून घे.

फॉर्म काढून घे. पदरात पडतंय ते घ्यावं.

तुला वाटेल मामा म्हातारा झाला. तसं नाही. सत्याहत्तर साली मी आणि तुझी मामी नवे कपडे घालून सकाळी सातला मतदानाच्या रांगेत उभे होतो. जिंकलो म्हणून पेढे वाटले. ज्यांना निवडून दिलं ते दिल्लीत जाऊन आपसात भांडले आणि पांगले. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी मी सायकल धुतो. निदान एक वस्तू तरी स्वच्छ होते.

मला आयुष्यात जे मिळालं ते संघटनेनं. चौऱ्याहत्तरच्या संपात आम्हाला घरी बसवलं. परत कामावर घेतलं ते काही कुणा आमदाराच्या चिठ्ठीनं नाही, सगळे एकमेकांना धरून राहिलो म्हणून. पाच वर्षांतून एकदा कागदावर शिक्का मारायचा, पेटीत टाकायचा आणि उरलेली पाच वर्षं वाट बघत बसायचं, याला मी राजकारण म्हणत नाही. पाणी पाहिजे ना? वस्तीतल्या बायकांना गोळा कर, रिकाम्या घागरी घ्या आणि उदगीरला तहसीलसमोर जाऊन बसा. घागरीचा आवाज पेटीपेक्षा मोठा असतो.

आणि अप्पा शब्द मोडणारा माणूस नाही. मी त्यांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. फॉर्म काढ, बोअर घे, सुखानं राहा. नरसिंगला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
केरबामामा


कोनाळवाडी
२३ मार्च १९८६

आदरणीय मामा,
जयभीम.

परवा चावडीसमोर अप्पांनी चारचौघांत मला विचारलं, "अजून फारम का काढला न्हाई? तुझ्या मामानं तर मला नांदेडात सबुद दिलाय, पोरगी माघार घेईल म्हणून."

मी खाली बघत उभी राहिले. पत्र मी तुम्हाला लिहिलं, सल्ला तुम्ही मला दिलात, आणि शब्द मात्र आधीच अप्पांना देऊन ठेवला होता. ते मोंढ्याच्या बाजारात आले तेव्हा तुमच्या घरी चहाही घेतला म्हणे. नांदेडात घेतात, इथं आमच्या दारात कधी घेतला नाही.

देवळात बसून त्यांनी माझं ठरवलं याचा मला राग नव्हता, कारण ते तसंच करत आले आहेत. तुम्ही तर तसे नाहीत ना? तुम्हाला निवडणूक नको, बरं. पण संघटनेत तरी माणसाला विचारतात की नाही? तुमच्या संपाच्या वेळी तुमचा शब्द तुमच्या मामानं दिला होता काय?

घागरी घेऊन आम्ही तहसीलवर गेलो होतो, फेब्रुवारीतच. तुम्हाला लिहायचं राहिलं. दिवसभर बसलो. साहेब चांगला माणूस, बाहेर येऊन बोलला. म्हणाला, ग्रामपंचायतीचा ठराव आणा, बोअर मंजूर करतो. आता ठराव कोण करणार? पंचायतीत बसलेले. ते कोण असणार हे देवळात ठरणार, आणि देवळाशी आपला संबंध संपून तीस वर्षं होत आली. म्हणजे तुमची घागर फिरून त्या पेटीपाशीच येते, मामा.

माघारीची तारीख गेली. मी फॉर्म काढला नाही. चिन्ह कपबशी मिळालं आहे. बसस्टँडवरच्या ज्या हॉटेलात आपल्या कपबश्या बाहेर वळचणीला ठेवतात, त्याच्या समोरच्या भिंतीवर नरसिंगनं गेरूनं कपबशी काढली आहे. कान जरा मोठाच काढलाय, पण ओळखू येते. मतदान वीस एप्रिलला.

मी रागावले आहे. मामीला सांगा.

धुरपता


नांदेड
२९ मार्च १९८६

चि. धुरपता हिला जयभीम.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तिनं मला दोन दिवस गार भात वाढला. म्हणजे निकाल लागला आहे.

होय, मी शब्द दिला. अप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "केरबा, पोरगीला समजाव. ती माझ्या गावची सून हाय, तिला कायबी होऊ देणार न्हाई, पण पोरांची माथी भडकली तर मी कुठं कुठं पुरा पडू?" धमकी नव्हती ती. काळजीनंच बोलत होते, आणि म्हणूनच मी घाबरलो.

नामांतराच्या वेळी तू लहान होतीस, पण इतकीही नाही. तुझ्या आईचं छप्पर पेटवल्याचं कळलं तेव्हा मी नांदेडहून निघालो. गाड्या बंद होत्या. पोचलो तेव्हा अक्का बाभळीखाली बसली होती आणि राखेतून उकरून काढलेलं जातं तिनं शेजारी ठेवलं होतं. मला म्हणाली, "हे तेवढं जळलं नाही." ते काही निवडणुकीवरून झालं नव्हतं, मला कळतं. पण तेव्हापासून आपलं माणूस गावात उठून उभं राहिलं की मला आधी ते बाभळीचं झाड दिसतं.

मतदानाबद्दल जे लिहिलं ते मी खरंच मानतो. फक्त भीती झाकायला ते पुढं केलं. तुझ्यासारख्या पोरीला हे सरळ लिहायला हवं होतं. न विचारता शब्द दिला, ते चुकलं.

पण भीती गेलेली नाही. सांभाळून राहा. अप्पांचा मळा बंद झाला तर काय करणार, याचा विचार केलास का?

केरबामामा


कोनाळवाडी
१५ एप्रिल १९८६

आदरणीय मामा,
जयभीम.

तुम्ही लिहिलंत आणि तसंच झालं. एक तारखेपासून अप्पांची मोटर बिघडली. ऊस मात्र हिरवागार आहे, म्हणजे फक्त आमच्यापुरती बिघडली असावी. मला वाटतं हे अप्पांचं काम नाही, त्यांच्या थोरल्याचं आहे. पण अप्पांनी दुरुस्तही करवली नाही.

आम्ही ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरतो. वस्तीतल्या बायका मला बोलतात. सटवाजीकाकांची सरजाबाई मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "धुरपता, त्या तुझ्या कपबशीतून पाणी आण की आता." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन रडले. तुमच्यापासून काय लपवायचं. फॉर्म काढला असता तर हापसा लागलाही असता या महिन्यात.

पण त्यानंतर एक गोष्ट झाली.

गिरणीत दळण घेऊन बसले होते. गुरम्मा आली. तसल्या मोठ्या घरची सून दळायला गड्याला पाठवते, ही स्वतः आली. गिरणी चालू असली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून ती अगदी जवळ सरकून बोलली. म्हणाली, "अक्का, माझं नाव घातलंय हे मला सैपाकघरात कळलं. मी सही केली, मामंजी म्हणले तिथं. मीटिंगला मला कोण जाऊ देणार हाय? रजिस्टर घरी येईल, मी सही करीन, झालं."

मी म्हणाले, "मग तुम्ही तुमचं मत तुम्हालाच द्या. शपथ झालीय."

तर ती म्हणाली, "बेल मामंजींनी उचलला. त्यांनी पाळावा. आम्हा बायकांना कुणी देवळात बोलावलं न्हाई. मी कुठं उचलला?"

पीठ तसंच टाकून मी विचार करत बसले. मामा, खरंच कुणी उचलला? आपण देव सोडले, म्हणून आपल्याला बोलावलं नाही. बायका, म्हणून त्यांना बोलावलं नाही. सालगडी, तरणी पोरं, पालावरची माणसं, कुणालाच नाही. सगळं गाव बांधलं गेलं असं ते समजून बसलेत, आणि बांधले गेलेत ते तेवढेच, देवळात मावले तेवढे.

त्या दिवसापासून मी दारोदार जाते, पण मत मागत नाही. पाणी कसं आहे विचारते, आणि उठताना विचारते, "बेल तुम्ही उचलला होता का?" बाया आधी घाबरतात, मग हसतात. काल जयंतीला झेंड्याखाली सरजाबाईही माझ्याशेजारी येऊन बसली. बोलली नाही, पण बसली.

धुरपता


नांदेड
१८ एप्रिल १९८६

चि. धुरपता,
जयभीम.

हे पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, टपालानं वेळेत मिळणार नाही.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसत सुटलो. हेडक्लार्कनं विचारलं, "प्रमोशन मिळालं का?" पण एक लक्षात ठेव. गिरणीत बोललेलं आणि पेटीत पडलेलं यात फरक असतो. गुरम्माच्या घरात तिला चार डोळे पाहतात. तिच्यावर फार भिस्त ठेवू नको, आणि तिचं नाव कुणाजवळ काढू नको.

मी उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो. माझं नाव तुमच्या यादीत नाही, त्यामुळं मत द्यायला येत नाही. नुसता वस्तीत येऊन बसतो. यावेळी उशिरा पोचायचं नाही.

केरबामामा


कोनाळवाडी
२९ एप्रिल १९८६

आदरणीय मामा,
जयभीम.

तुम्ही रजा नाही म्हणून निकालाआधीच गेलात. गिरणीवाल्याच्या हाती निरोप धाडला होता, मिळाला असेल. मी निवडून आले. फार नाही, थोडक्यात. पण अप्पांच्या वाड्याकडच्या घरांतूनही मतं पडल्याशिवाय तेवढी झाली नसती, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. कुणी दिली ते कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. तुम्ही त्या कागदाला नावं ठेवता, पण त्याची घडी मात्र चांगली बसते.

पुढं ऐका. गंमत पुढंच आहे. बेल उचलताना ठरलं होतं की सरपंच अप्पा. आता भीमाशंकर सावकार म्हणतात, निवडणूक झाली म्हणजे बिनविरोध मोडलं, बिनविरोध मोडलं म्हणजे शपथही सुटली, मग सरपंच मी का नको? सात मेंबर आहेत. तिघे इकडं, तिघे तिकडं. सातवी मी.

काल संध्याकाळी अप्पा आमच्या दारात आले. नरसिंगनं घोंगडं टाकलं. ते बसले. बराच वेळ दुष्काळाचं बोलत होते, मग म्हणाले, "तुझं मत मला पायजे. भीमाशंकर सरपंच झाला तर गाव विकून खाईल."

मला ते पटतं, मामा. भीमाशंकर तसाच आहे. मी म्हणाले, "देते, अप्पा. पण मीटिंग देवळात नको, शाळेत. आन् सरपंच झाल्यावर पयला ठराव बोअरचा."

ते म्हणाले, "बोअर मी देणारच होतो की. सबुद दिला होता तुला."

"दिला होता. तुमचा सबुद खोटा न्हाई. पण मोटर बिघडली तवा तो सबुद कुठं होता, मला दिसला न्हाई. तुम्ही दिलेलं तुमचा थोरला बंद करू शकतो. ठराव झाला की तो कुणाच्या घरचा राहत न्हाई."

अप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. म्हातारे दिसत होते. मला वाईट वाटलं, खरंच. मग म्हणाले, "शाळेची चावी गुरुजींकडं हाय, सांगून ठेवतो." आणि उठले. वाटेत नरसिंगला म्हणाले, "मोटर उद्या दुरुस्त व्हईल."

आज सकाळी झाली.

मामीला सांगा, मी आता रागावलेली नाही.

तुमची,
धुरपता


नांदेड
५ मे १९८६

चि. धुरपता हिला अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

मामीनं गोड केलं. मला दोनदा वाढलं, म्हणजे मीही सुटलो.

तू अप्पांना मत देणार यावर आमच्या युनियनच्या मित्रांशी माझं भांडण झालं. ते म्हणाले, शेवटी जुनाच मालक खुर्चीवर. मी म्हणालो, तो आता माझ्या भाचीच्या मतावर बसणार, कुणी उठवायचं म्हटलं की त्याला ते आठवेल. बोललो आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण नऊ वर्षं मी याच्या उलट बोलत आलो आहे. अजूनही मला वाटतं की घागरी घेऊन बसायला तुम्ही शिकला नसता तर पेटीपर्यंत पोचलाच नसता. तेवढं माझ्या बाजूचं ठेव.

एक सांगतो, अनुभवाचं. बोअरच्या जागेसाठी वस्तीला विचारत बसू नको. प्रत्येकाला आपल्या दारात पाहिजे असतो, भांडणं होतील आणि अप्पा लांबून हसतील. तू निवडून आलीस, तूच जागा ठरव. आपल्या घराजवळ घे. सगळ्यात जास्त तू सोसलंस, कुणी काही म्हणणार नाही.

केरबामामा


कोनाळवाडी
१ जून १९८६

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

अप्पा सरपंच झाले आणि शाळेतल्या मीटिंगला पहिला ठराव बोअरचाच झाला. तहसीलच्या साहेबानं शब्द पाळला आणि मशीन आलं. त्याआधी पाणी बघणारा माणूस येऊन गेला. नारळ तळहातावर घेऊन फिरला आणि म्हणाला, दोन ठिकाणी पाणी आहे, एक आमच्या घरामागं आणि एक पार खालच्या अंगाला, सटवाजीकाकांच्या घराशेजारी. दोन्हीकडं सारखंच.

तुमचं पत्र नरसिंगनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मामांचं बरोबर हाय. मग बघू म्हणण्यात अर्थ न्हाई, घरामागं घे." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझी कंबर आता पहिल्यासारखी राहिली नाही. पण रात्रभर डोक्यात एकच फिरत राहिलं. मी एकटीनं ठरवलं आणि वस्तीला सांगितलं, तर ते देवळातल्यापेक्षा वेगळं काय झालं? नुसतं देऊळ नाही, एवढंच.

म्हणून सगळ्यांना विहारासमोर बोलावलं. बायका, पुरुष, म्हाताऱ्या, सगळे. भांडणं झाली, तुम्ही म्हणालात तशीच. सरजाबाई मला म्हणाली, निवडून आली म्हणून लई शहाणी झाली का? मी तिला म्हणाले, तुमच्या दारात पाणी आलं की तुम्ही कुलूप लावाल. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हणाले, हात वर करा.

खालच्या अंगाला घरं जास्त आहेत. माझ्या बाजूनं नरसिंगनं हात वर केला, शेजारच्या भामाबाईनं केला आणि आणखी दोघा-तिघांनी. आमच्या सासूबाईंनी सटवाजीकाकांच्या बाजूनं केला. विचारलं तर म्हणाल्या, तिकडं लेकुरवाळ्या बाया जास्त हायत.

मी हरले, मामा. दीड महिन्यात दुसरी निवडणूक, आणि त्यात साफ हरले.

परवा पाणी लागलं. गोडं आहे. सरजाबाईनं पहिला दांडा मारला आणि सगळ्यांच्या अंगावर उडवलं. हापसा आता वस्तीत सगळ्यांत लांब पडतो तो आमच्याच घराला. रोज उन्हातून जाते, रांगेत उभी राहते, माझा नंबर आला की भरते आणि परत येते. कुणाच्या हौदावर नाही, कुणाच्या मोटरीची वाट बघून नाही. डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढताना कंबर दुखते, आणि तरी मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुमची,
धुरपता